कॅनव्हासच्या तंबूवरील बुरशी कशी काढावी

आषाढी वारीत आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या दिंड्यांबरोबर राहुट्या आणि तंबूंनी भरलेले ट्रक असतात. दुपारी किंवा संध्याकाळी मुक्कामाच्या जागी तंबू उभे राहतात आणि पहाटे, पाऊस असो वा नसो, ते उतरवून तसेच ओले ट्रकमध्ये चढतात. रोज उघडले जाणारे कापड या धावपळीतही बऱ्यापैकी टिकते, कारण थोडा वारा त्याला रोज मिळतो. खरी अडचण परतीनंतर येते. ओली राहुटी गाठोडे होऊन मठाच्या किंवा घराच्या कोपऱ्यात पडते, गणपती येऊन जातात, आणि नवरात्राच्या सुमारास कोणीतरी ती उघडते तेव्हा कुबट वास आणि काळे-हिरवे ठिपके समोर येतात. स्काउटच्या शिबिरांचे, शेतावरच्या पर्यटन केंद्रांचे आणि हौशी गिर्यारोहकांचे सुती तंबूही याच वाटेने खराब होतात. ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुती कॅनव्हास जवळजवळ पूर्णपणे सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोज हे अनेक बुरशींचे अन्नच आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि इतर सुती सामान इतक्या वेगाने कुजू लागले की त्या कुजण्याचा स्वतंत्र अभ्यास सुरू करावा लागला. त्या कापडावरून वेगळी काढलेली एक बुरशी पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि सेल्युलोजचे तुकडे करणारी तिची विकरे (एन्झाइम) आज कापड उद्योगात आणि धुण्याच्या पावडरींमध्येही वापरली जातात. तंबूवरचा काळा ठिपका दिसायला डाग असला तरी तो बहुधा कापड खाणारा सजीव असतो, हे या इतिहासावरून ध्यानात यावे. म्हणूनच कामाचा क्रम ठरलेला आहे: प्रथम ओल घालवायची, मग बुरशी झाडायची, त्यानंतर उरलेली मारून धुवायची, आणि डागाचा रंग घालवण्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा. पुष्कळ लोक नेमके उलट करतात. ते पहिल्याच दिवशी डाग पांढरा करण्याच्या मागे लागतात आणि त्यात कापड गमावतात.

तंबू कशाचा आहे ते आधी पाहावे

येथे सांगितलेली पद्धत सुती कॅनव्हाससाठी आणि सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्र कॅनव्हाससाठी आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे हलके तंबू, ज्यांच्या आतील बाजूला पॉलियुरेथेनचा लेप असतो, ते वेगळ्या रीतीने खराब होतात. ओलीत राहिल्यावर त्यांचा लेपच चिकट होऊन सुटू लागतो आणि त्यावर येथील उपाय चालत नाहीत. पीव्हीसीची ताडपत्री तर पुसली तरी पुरते. कापड कशाचे आहे याची शंका असेल तर आतल्या शिवणीजवळून दोन-तीन धागे ओढून काढावेत आणि घरापासून दूर, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुताचा धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख ठेवतो, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडात ही दोन्ही लक्षणे थोडी थोडी दिसतात.

हिरव्या किंवा खाकी रंगाच्या जुन्या लष्करी तंबूंच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. अशा कापडाला कुजू नये म्हणून कधी कधी तांब्याच्या संयुगाची प्रक्रिया केलेली असते. त्यावर पुढे सांगितलेले हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नये. त्याचे कारण त्या ठिकाणी येईल.

आधी वाळवावे, मगच हात लावावा

बुरशी लागलेला तंबू ओला असेल तर त्याला ब्रश लावू नये. ओली बुरशी घासली की ती विणीच्या आत दाबली जाते, आजूबाजूच्या स्वच्छ भागावर पसरते आणि तिचा रंग धाग्यात मुरतो. ऊन असेल तर तंबू बाहेर पूर्ण उभा करावा, दारे-खिडक्या उघड्या बांधाव्यात आणि जमिनीलगतची पट्टी वर दुमडून तिच्या मागच्या बाजूलाही वारा लागू द्यावा. कडक ऊन पृष्ठभागावरची बरीचशी बुरशी स्वतःच मारते. एक-दोन दिवसांच्या उन्हाने सुताचे नुकसान होत नाही. आठवडेच्या आठवडे ऊन खात पडलेला तंबू मात्र अतिनील किरणांमुळे कमकुवत होतो.

भर पावसाळ्यात ऊन मिळत नाही, आणि कोकणात तर जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की नुसते टांगून ठेवलेले कापडही वाळत नाही. अशा वेळी तंबू पडवीत, मठाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात दोरीवर एकपदरी टांगावा, पंखा सतत चालू ठेवावा आणि दोरीवर बसलेली घडी रोज सरकवावी, कारण कापड दोरीला टेकते तेथेच ओल धरते. गोठ्यात किंवा न्हाणीघराजवळ टांगू नये. दोरीखाली शेगडी पेटवण्याचा मोह होतो, तोही टाळावा. जलरोधक लेप दिलेले कापड सहज पेट घेऊ शकते. पूर्ण धुणे मात्र पाऊस सरल्यावरच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या उन्हाइतका चांगला साहाय्यक या कामात दुसरा नाही, आणि तोपर्यंत तंबू कोरडा ठेवता आला तर बुरशीची वाढ थांबलेली असते. थांबलेली बुरशी दोन महिने वाट पाहू शकते, कापड त्यामुळे आणखी कुजत नाही.

बुरशी आहे की नुसता मळ

प्रत्येक काळा डाग बुरशीचा नसतो. चुलीचा धूर, चिखल, झाडाखाली उभ्या राहिलेल्या तंबूवर पडलेले पानांचे आणि फळांचे डाग, लोखंडी कड्यांचा गंज, हे सगळे दुरून सारखेच दिसते. बुरशीचे ठिपके सहसा झुबक्यांनी येतात. ते घडीच्या रेषांवर, शिवणींच्या बाजूने आणि जमिनीलगतच्या पट्टीवर दाट असतात आणि त्यांना कुबट वास असतो. पांढऱ्या किंवा करड्या भुकटीसारखा थर असेल आणि तो बोटाने सहज पुसला जात असेल तर बुरशी वरवरची आहे आणि काम हलके आहे. ठिपके काळे असतील, कापडाच्या दोन्ही बाजूंनी दिसत असतील आणि घासूनही जागचे हलत नसतील, तर बुरशी धाग्यात शिरली आहे असे समजावे. गंजाचा डाग तांबूस असतो आणि नेहमी एखाद्या धातूच्या कड्याभोवती किंवा खांबाच्या टोकाखाली सापडतो.

कापडाचा दम तपासावा

धुण्याचे श्रम घेण्याआधी कापड त्या श्रमांच्या लायकीचे उरले आहे का, हे पाहिले पाहिजे. सर्वांत दाट डागाच्या ठिकाणी कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने जोराने ताणावे. शिवणीजवळ नखाने खरवडून पाहावे. चांगला कॅनव्हास यापैकी कशालाही दाद देत नाही. कापड जर करकर आवाज करत उसवले, किंवा ताणल्यावर धागे एकमेकांपासून सरकून प्रकाश दिसू लागला, तर तो भाग कुजला आहे आणि कोणत्याही द्रावणाने तो पुन्हा बळकट होणार नाही. असा भाग लहान असेल तर कुजलेले कापड चांगल्या कापडापर्यंत कापून काढावे आणि त्याच वजनाच्या कॅनव्हासचे ठिगळ दुहेरी शिलाईने बसवावे. ठिगळाचे नवे कापड आधी भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या पावसात ते आटते आणि भोवतालचे कापड ओढून सुरकुत्या पाडते. छताचा मोठा भाग कुजला असेल तर तंबू मुक्कामासाठी वापरू नये. वाऱ्याच्या एका झोतात फाटणारे छत आत झोपलेल्या माणसांना धोक्याचे आहे. त्याच्या चांगल्या कनाती कापून आडोशासाठी वापरता येतात.

कोरडे झाडणे

तंबू कडकडीत वाळला की तो मोकळ्या जागी न्यावा. जागा घराच्या खिडक्यांपासून, गच्चीवरच्या वाळवणापासून आणि जनावरांच्या चाऱ्यापासून लांब असावी. वाळलेल्या बुरशीचे बीजाणू पिठापेक्षाही बारीक असतात आणि ब्रशच्या पहिल्या फटक्याबरोबर हवेत उठतात. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चश्मा, ही तीन साधने वापरल्याशिवाय हे काम करू नये. रुमाल बांधणे पुरेसे नाही. दमा, जुना खोकला किंवा ॲलर्जी असलेल्यांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. ‘मला काही होत नाही’ असे म्हणणारी ज्येष्ठ मंडळी प्रत्येक दिंडीत असतात. त्यांना आदराने, पण ठामपणे बाजूला बसवावे.

वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे आणि कपडे घासायच्या मऊ ब्रशने वरून खाली, एकाच दिशेने झाडावे. गोल गोल घासू नये. तारेचा ब्रश आणि भांडी घासायची खरबरीत घासणी कापडाचे तंतू उपटते, आणि तंतू उपटलेल्या जागी पुढच्या वर्षी पाणीही आधी शिरते आणि बुरशीही. आतली बाजू आणि बाहेरची बाजू दोन्ही झाडाव्यात. शिवणींच्या दुमडीत, खिडकीच्या झडपेखाली आणि तणावे बांधायच्या पट्ट्यांच्या मागे बुरशी लपलेली असते, तेथे जुना दात घासायचा ब्रश कामी येतो. जेवढी बुरशी या कोरड्या टप्प्यात निघेल तेवढी पुढे पाण्यात मिसळणार नाही, म्हणून येथे वेळ द्यावा. मोठ्या तंबूला चांगली अर्धी सकाळ लागते आणि ती लागू द्यावी.

त्याच वेळी तंबूबरोबरचे इतर सामानही बाहेर काढावे. ज्या गोणपाटात किंवा पिशवीत तंबू ठेवला होता ती पिशवी बहुतेक वेळा तंबूइतकीच बुरसटलेली असते, आणि स्वच्छ केलेला तंबू पुन्हा तिच्यातच भरला तर सगळी मेहनत महिन्याभरात वाया जाते. सुती आणि काथ्याच्या दोऱ्या उन्हात वाळवाव्यात, आणि पिळल्यावर तंतू गळत असतील तर त्या बदलून टाकाव्यात. बांबूच्या टोकांवरही बुरशी असते, ती कोरड्या फडक्याने पुसून बांबू उन्हात उभे करावेत.

धुण्याचे द्रावण

बाजारात तंबूच्या कॅनव्हाससाठी खास बुरशीनाशक द्रव मिळतात. ते मिळत असतील तर त्यावरील सूचनांप्रमाणे वापरावेत. ते नसतील तर माझी पहिली पसंती किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरला आहे. आपल्याकडे ते साधारणतः 4 टक्के ॲसिटिक आम्लाचे असते. त्यात तेवढेच पाणी मिसळावे. साबण किंवा धुण्याची पावडर यात घालू नये. साबणातील द्रव्ये कापडावरच्या जलरोधक लेपाचे काम बिघडवतात, आणि ती पूर्णपणे खळबळून निघाली नाहीत तर पाणी बाहेर अडवण्याऐवजी कापडात ओढून घेतात. ज्या तंबूने आजवर पाऊस अडवला तो धुतल्यानंतर अचानक गळू लागला, अशी तक्रार ऐकली की बहुधा साबणच निघतो.

कोणतेही द्रावण प्रथम तंबूच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तळहाताएवढ्या जागेत लावून वाळू द्यावे. रंग उतरला नाही आणि कापड कडक झाले नाही, तरच पुढे जावे.

तंबू उभा असतानाच धुणे सोपे जाते, कारण कापड ताणलेले असते आणि पाणी खाली ओघळून जाते. बुरशी लागलेल्या भागावर फवाऱ्याने किंवा स्पंजने द्रावण लावावे, कापड चांगले ओले होऊ द्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. उन्हात द्रावण मध्येच वाळू लागले तर पुन्हा थोडे फवारावे. मग मऊ ब्रशने हलक्या हाताने घासावे आणि भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढावे. व्हिनेगर कापडातच वाळू द्यावे असे काही जण सांगतात. मी तसे करत नाही, कारण सुताला आम्लाचा दीर्घ सहवास मानवत नाही, आणि धुऊन टाकल्याने बुरशी मरण्यात काही कमी राहत नाही, उलट मेलेली बुरशीही कापडावरून निघून जाते. ती निघणे आवश्यक आहे, कारण श्वासाचा त्रास मेलेल्या बुरशीनेही होऊ शकतो.

धुण्याच्या पाण्याकडेही थोडे लक्ष द्यावे. ज्या भागात बोअरच्या पाण्यात लोहाचे प्रमाण जास्त असते आणि बादलीच्या तळाला तांबूस थर बसतो, तेथे शेवटचे खळबळणे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे, नाहीतर बुरशीच्या डागांच्या जागी तपकिरी छटा येते. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा वापरू नये. तो लेप तर उडवतोच, शिवणींची भोकेही मोठी करतो. धुलाई यंत्रात तंबू घालण्याचा तर विचारही करू नये.

बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा व्हिनेगरने पुरेसा फरक पडला नसेल, तर टाकणखार (बोरॅक्स) वापरता येतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे टाकणखार पूर्ण विरघळवून ते द्रावण त्याच रीतीने लावावे, अर्ध्या तासाने घासावे आणि धुवावे. टाकणखार बुरशीची वाढ रोखतो, पण तो पोटात जाणे घातक आहे, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना या कामापासून दूर ठेवावे आणि स्वयंपाकाचे भांडे यासाठी वापरू नये. व्हिनेगरमध्ये टाकणखार मिसळण्याची, किंवा खाण्याचा सोडा मिसळून फेस काढण्याची पद्धत अनेक चित्रफितींमध्ये दाखवतात. आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात, सोड्याचा फेस नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि शेवटी हातात खारट पाणी उरते. दोन्ही वापरायचेच असतील तर एक धुऊन टाकल्यावर दुसरे लावावे.

डाग राहिलाच तर

बुरशी गेली, वास गेला, तरी काळसर छटा राहू शकते. तो बुरशीचा रंग असतो, धाग्यात मुरलेला. येथे थांबणे हाच बहुतेक तंबूंसाठी योग्य निर्णय आहे. तंबूचे काम माणसांना ऊन-पावसापासून वाचवणे आहे आणि ते काम डागाळलेले, पण बळकट कापड उत्तम करते.

पर्यटन केंद्राचा पांढरा तंबू असेल आणि दिसण्याला महत्त्व असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पाहता येईल. औषधांच्या दुकानात ते बहुधा 6 टक्क्यांचे मिळते. त्यात तेवढेच पाणी मिसळून ते 3 टक्क्यांचे करावे, फक्त डागावर स्पंजने लावावे, दहा मिनिटांनी धुवावे आणि एकाच दिवशी पुन्हा पुन्हा लावू नये. रंगीत कॅनव्हासचा रंग त्याने फिका पडतो. गंजलेल्या कड्यांजवळ, दोरी ओवायच्या पितळी डोळ्यांभोवती आणि तांब्याची प्रक्रिया केलेल्या हिरव्या कापडावर ते मुळीच वापरू नये. लोह आणि तांबे पेरॉक्साइडचे विघटन वेगाने घडवतात आणि त्यात आजूबाजूचे सूतच जळून जाते. अशा जागी काही दिवसांनी कड्याभोवतीचे कापड हातात येते. गंजाचे डाग लिंबाच्या रसाने थोडे फिके होतात, तेवढ्यावर समाधान मानावे आणि लिंबू लगेच धुऊन टाकावे.

फरशी पुसायचे क्लोरीनचे ब्लीच कॅनव्हासवर वापरू नये. ते डाग झपाट्याने पांढरे करते म्हणून लोकांना आवडते, पण त्याच वेळी सेल्युलोजचे लांब रेणूही तोडते, शिवणीचा दोरा कमकुवत करते आणि लेप काढून टाकते. पांढराशुभ्र झालेला तंबू पुढच्याच पावसाळ्यात शिवणीवर उसवला, तर त्याला ब्लीच कारणीभूत असण्याची शक्यता मोठी असते. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे. कोणी आधी ब्लीच वापरून ठेवले असेल तर तंबू साध्या पाण्याने अनेकदा खळबळून, वाळवून, मगच व्हिनेगरला हात लावावा. कोणत्याही द्रावणाचे पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे वाहून जाणार नाही याचीही व्यवस्था आधी करावी.

धुतल्यानंतरचे वाळवणे

या टप्प्यावर कंटाळा आलेला असतो, आणि नेमका येथेच तंबू पुन्हा बिघडतो. वरचे कापड तासा-दोन तासांत कोरडे लागते, पण दुमडलेल्या शिवणी, चार पदरी कोपरे, तणाव्यांच्या पट्ट्या आणि जमिनीलगतची पट्टी यांत ओल कितीतरी वेळ टिकून राहते. ओल्या अवस्थेत बुरशीला नव्याने सुरुवात करायला एक-दोन दिवस पुरतात. म्हणून तंबू पूर्ण दिवस उभा ठेवावा, दुपारी उलटी बाजू उन्हाला द्यावी आणि सूर्यास्ताआधी तो आत घ्यावा किंवा दुसऱ्या दिवशीही उन्हात राहू द्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री दव पडते. संध्याकाळी कोरडा वाटलेला तंबू सकाळी पुन्हा दमट असतो. घडी घालण्याची योग्य वेळ दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यानची आहे. शिवणीचा जाड भाग गालाला लावून पाहावा. थोडाही थंड लागला तर आत ओल आहे.

पंढरपुरात दिंड्यांना एक चांगली संधी मिळते, तिचा उपयोग करावा असे मला मनापासून वाटते. पंढरपूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे आणि पालख्या पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत तेथे असतात. एकादशीनंतरच्या या दिवसांत उघडीप मिळाली तर राहुट्या पूर्ण वाळवून, झाडून मगच ट्रकमध्ये चढवाव्यात. घाटाखालच्या आणि मावळातल्या दिंड्यांना घरी परतल्यावर असे कोरडे ऊन पुढे बरेच आठवडे मिळत नाही.

पाणी अडवण्याची शक्ती परत आणणे

वाळलेल्या तंबूवर हाताने पाणी शिंपडावे. थेंब गोल राहून ओघळले तर लेप शाबूत आहे. पाणी पसरून कापड गडद झाले तर त्या भागाला पुन्हा जलरोधक लेप द्यावा लागेल. सुती कॅनव्हाससाठीचाच लेप घ्यावा. तो हवा जाऊ देतो. भिंतीचा रंग किंवा प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा लेप लावला तर आत झोपणाऱ्यांच्या श्वासाची वाफ अडकून राहते आणि बुरशीला आतून पाणी मिळते. लेप पूर्ण कोरड्या आणि स्वच्छ कापडावरच द्यावा, कारण राहिलेली बुरशी लेपाखाली झाकली गेली तर तिच्यापर्यंत पुन्हा पोहोचता येत नाही.

साबणाच्या पाण्यात बुडवून नंतर तुरटीच्या पाण्यात बुडवण्याची जुनी पद्धत खरी आहे. त्यातून कापडात ॲल्युमिनियमचा न विरघळणारा साबण तयार होतो आणि तो पाणी झटकतो. परंतु तुरटी आम्लधर्मी असल्यामुळे ती जास्त उरली तर कालांतराने सूत दुबळे करते, म्हणून नवख्याने मोठ्या तंबूवर हा प्रयोग करू नये. पॅराफिनचे मेण पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये विरघळवून लावण्याची सूचना कोणी केली तर ती साफ नाकारावी. 6 जुलै 1944 रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात सर्कशीचा तंबू पेटून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तो तंबू पॅराफिन आणि पेट्रोलच्या मिश्रणानेच जलरोधक केलेला होता. ज्या तंबूंच्या शेजारी रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो, त्यांच्याबाबत याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

धुतलेल्या किंवा नव्याने शिवलेल्या तंबूची शिवण पहिल्या पावसात थोडी पाझरते. तंबू उभा करून त्यावर एकदा भरपूर पाणी मारावे आणि पूर्ण वाळू द्यावे. सुती दोरा भिजून फुगतो आणि सुईची भोके बुजतात.

ठेवण्याची जागा

हवेतील सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहू लागली की कोरड्या कापडावरही बुरशी येऊ शकते, म्हणून तंबू कोठे ठेवतो याला महत्त्व आहे. जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. लाकडी फळ्यांवर किंवा मचाणावर, खालून-मागून हवा खेळेल असा ठेवावा. प्लास्टिकची पिशवी टाळावी. जुनी, धुतलेली सुती चादर हे त्याचे चांगले वेष्टन आहे. घडी सैल असावी आणि दर वर्षी त्याच रेषांवर घालू नये. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला किडींसाठी ठीक आहेत, बुरशी त्यांनी थांबत नाही. उंदरांचा मात्र बंदोबस्त हवा, आणि तंबूवर अन्नाचे तेलकट डाग राहिले असतील तर तो होत नाही.

पावसाळ्यात तंबू वापरात नसेल तर प्रत्येक लांब उघडीपीत तो एकदा उघडून हवेशीर जागी पसरावा आणि जमिनीलगतची पट्टी व कोपरे हुंगून पाहावेत. ठिपके दिसण्याच्या बरेच आधी वास येतो. वास आला त्याच दिवशी तंबू वाळवून कोरडा झाडला तर पाणी आणि द्रावण यांची वेळ सहसा येत नाही.